बोर्ड गेला नव्हता : लिनिएज ओएस घातलेल्या फोनचा पावसाळ्यापासूनचा अनुभव

हा अनुभव लिनिएज ओएस या, कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी फोनवर घालता येणाऱ्या मुक्त प्रणालीचा असला, तरी त्यातला मोठा भाग फोनच्या साठवणुकीतील चार लहान विभागांविषयी आहे. मोडेमएसटी१, मोडेमएसटी२, एफएसजी आणि पर्सिस्ट अशी त्यांची नावे आहेत आणि माझ्या फोनमध्ये चारही मिळून शंभर मेगाबाइटसुद्धा भरत नाहीत. पहिल्या तिघांत आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि नेटवर्कशी निगडित माहिती असते, तर पर्सिस्टमध्ये सेन्सरांचे कारखान्यात करून दिलेले कॅलिब्रेशन, म्हणजे अचूक मोजमापासाठीची जुळवणी, असते. ही माहिती त्या एका हँडसेटपुरतीच असल्यामुळे इंटरनेटवरून उतरवून घेतलेली दुसऱ्या फोनची प्रत तिच्या जागी चालत नाही. माझा फोन पूर्ण बंद पडून पुन्हा उभा राहिला आणि उभा राहिल्यावरही बरेच आठवडे छळत राहिला, या दोन्ही गोष्टींचा उलगडा शेवटी याच विभागांपाशी झाला.

फोनचे हार्डवेअर उत्तम अवस्थेत होते, परंतु कंपनीने सुरक्षा अपडेट देणे थांबवले होते आणि केवळ त्या कारणासाठी नवा फोन घेणे मला पटत नव्हते. सायनोजेनमॉड ही अशीच जुनी प्रणाली डिसेंबर २०१६ मध्ये बंद झाल्यावर तिच्याच पायावर उभी राहिलेली लिनिएज ओएस माझ्या मॉडेलसाठी अधिकृतपणे उपलब्ध होती. तिच्या सूचनांप्रमाणे आधी फोनचे मूळ फर्मवेअर (कंपनीचे अंगभूत सॉफ्टवेअर) ठरावीक आवृत्तीपर्यंत न्यावे लागते. बूटलोडरचे, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचे, भाग एकामागून एक लिहिले जात असताना खानापूरच्या पावसात वीज गेली आणि संगणक बंद पडला. काही भाग नवे, काही जुने अशा अवस्थेत अडकलेला फोन त्यानंतर सुरूच होईना. लोगो नाही, चार्जिंगची खूण नाही, बटण कितीही वेळ दाबून धरले तरी साधे कंपनसुद्धा नाही.

बेळगावातील अधिकृत सेवा केंद्रात फोन दिला. तेथील कर्मचाऱ्याने बूटलोडर अनलॉक केला होता का (बाहेरची प्रणाली घालण्यासाठी त्याचे कुलूप काढावे लागते), एवढेच विचारले आणि फोन संगणकाला न जोडताच बोर्ड गेल्याचे सांगून ९,००० रुपयांचा अंदाज लिहून दिला. तेवढ्यात त्याच मॉडेलचा चांगल्या अवस्थेतील जुना फोन मिळतो. अनलॉक केलेल्या फोनला वॉरंटी नाकारणे मी समजू शकतो, शिवाय माझी वॉरंटी केव्हाच संपली होती. राग आला तो निदानाचा. एक केबल जोडून पाहायला दोन मिनिटे लागली नसती आणि त्या दोन मिनिटांत बोर्ड शाबूत असल्याचे कळले असते.

घरी परतून मी स्वतः फोन संगणकाला जोडला, तेव्हा विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘क्वालकॉम एचएस-यूएसबी क्यूडीलोडर ९००८’ अशी ओळ उमटली. क्वालकॉमच्या चिपमध्ये सुरुवातीचा बूटलोडर रॉममध्ये कायमचा कोरलेला असतो. तो कोणत्याही फ्लॅशिंगने (सॉफ्टवेअर नव्याने लिहिण्याने) पुसला जात नाही. पुढचा टप्पा नीट सुरू करता आला नाही, की तो फोनला आणीबाणीच्या डाउनलोड मोडमध्ये नेतो आणि संगणकाकडून आज्ञा येण्याची वाट पाहत बसतो. पडदा काळाच राहतो, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला फोन मेल्यासारखा वाटतो. या मोडमध्ये सहारा नावाच्या प्रोटोकॉलमार्फत प्रोग्रॅमर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम फोनच्या मेमरीत चढवला जातो आणि मग तो फायरहोज पद्धतीने साठवणुकीतील कोणताही विभाग वाचू किंवा लिहू शकतो. अडचण एवढीच, की हा प्रोग्रॅमर फोन बनवणाऱ्या कंपनीच्या सहीचा असावा लागतो आणि काही कंपन्या त्याउपर अधिकृत खात्याची परवानगीही मागतात. घरबसल्या काम अडते ते इथे. मीडियाटेक या दुसऱ्या कंपनीच्या चिपचे साधन वेगळे असते, पण काळा पडदा म्हणजे मेलेला बोर्ड नव्हे, हे तिकडेही तितकेच खरे आहे.

ज्यांचा फोन निदान रिकव्हरीपर्यंत (प्रणाली बसवण्याच्या छोट्या मोडपर्यंत) जातो, त्यांच्यासाठी जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. लिनिएजची फाइल साइडलोड करताना, म्हणजे संगणकावरून केबलने चढवताना, संगणकावरचा आकडा कधीकधी ४७ टक्क्यांवर थांबतो आणि त्रुटीसारखा दिसणारा संदेश येतो. काम प्रत्यक्षात यशस्वी झालेले असतानाही असे होऊ शकते, म्हणून तो आकडा पाहून घाईने केबल ओढू नये. फोनच्या पडद्यावर काय लिहून येते ते पाहावे.

माझा फोन खडेबाजार परिसरातील एका लहान दुकानात दुरुस्त झाला. तेथील कारागिराकडे डोंगलवर (यूएसबीत लावायच्या परवाना-किल्लीवर) चालणारे सशुल्क साधन होते. त्यांनी माझे बोलणे पूर्ण ऐकून घेतले, मागचे झाकण गरम करून सोडवले, बॅटरीचा कनेक्टर काढून पुन्हा बसवला आणि फोन ९००८ मध्ये आल्याची खात्री करून घेतली. मी कंपनीचे फर्मवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन गेलो होतो, ते लगेच चढवतील अशी माझी अपेक्षा होती. त्यावर ते म्हणाले, “थांबा ओ, आधी आत काय हाय ते काढून ठेवतो, मग लिहायचं बघू.” त्यांनी वर सांगितलेले विभाग एकेक करून वाचले, माझ्या नावाचा फोल्डर करून त्यात ठेवले, प्रत्येक फाइलचा आकार शून्य नाही हे डोळ्यांनी तपासले आणि मगच फर्मवेअर लिहायला सुरुवात केली. थोड्या वेळात लोगो उमटला. आयएमईआय जागेवर होता, सिमला नेटवर्क मिळाले. मजुरी त्यांनी ६०० रुपये घेतली आणि मी ती आनंदाने दिली.

पुढे लिनिएज ओएस विनासायास बसली आणि तेव्हापासून हाच माझा रोजचा फोन आहे. बॅटरी रात्रभरात पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी उतरते, नको असलेली ॲप मुळात नाहीतच आणि अपडेट नियमित येतात. कॅमेरा मात्र स्पष्टपणे खालावला, कारण कंपनीची छायाचित्र-प्रक्रिया तिच्या स्वतःच्या ॲपमध्ये होती.

एक दोष मात्र या सगळ्यावर पाणी फिरवत होता. फोन कानाला लावला की पडदा विझायला हवा, तो विझत नसे. गाल लागून कधी आवाज म्यूट होई, कधी कॉल होल्डवर जाई. गावी आईशी बोलताना तिचे “ऐकू येतंय का रे?” वारंवार कानावर पडे आणि मी इकडे बोलतच असे. ऐंशीच्या घरातील आईला दर रविवारी पुन्हा फोन लावून तेच सांगायला लावणे मला फार लागत असे. दिवाळीच्या आधी मी याच अनुभवाचा एक मसुदा लिहिला होता. त्यात या दोषापायी लिनिएजला पाचपैकी दोन गुण दिले होते आणि फोनचा पहिला उपयोग बोलणे हा आहे, बाकीचे नंतर, असेही लिहिले होते.

ते दोन गुण मी आता मागे घेतले आहेत. त्याच मॉडेलवर तीच आवृत्ती वापरणाऱ्या इतरांना हा त्रास नव्हता. सेन्सर तपासणाऱ्या ॲपमध्ये प्रॉक्सिमिटीचा (जवळची वस्तू ओळखणाऱ्या सेन्सरचा) आकडा हात जवळ नेला तरी हलत नव्हता, आणि कंपनीच्या फर्मवेअरच्या संचातील रॉप्रोग्रॅम नावाची यादी उघडून पाहिली तेव्हा लिहायच्या विभागांत पर्सिस्टचेही नाव निघाले. म्हणजे फोन जिवंत करताना माझ्या हँडसेटचे कॅलिब्रेशन पुसून तेथे संचातील कोरी प्रत गेली होती. नेटवर्कचे तीन विभाग त्या यादीत नव्हते, म्हणून आयएमईआय वाचला होता.

मी दुकानात फोन करून भीतभीतच विचारले. “तुमचं फोल्डर हाय की ओ, ते कशाला पुसू?” असे उत्तर आले. पुन्हा ९००८ मोड, पुन्हा तोच प्रोग्रॅमर, आणि या वेळी फक्त पर्सिस्ट. लिहायला काही क्षण लागले. माझी माहितीची प्रत मी आधीच घेऊन ठेवली होती, पण ती लागली नाही. फोनमधले सर्व जसेच्या तसे राहिले. तेथेच काउंटरवर आईला फोन लावला, पडदा विझला, आणि तेव्हापासून ती तक्रार संपली. या कामाचे पैसे घ्यायला ते तयार नव्हते. मी आग्रहाने दिले. सुशोभित काउंटर आणि गणवेश असलेल्या ठिकाणी जी काळजी मिळाली नाही, ती येथे मिळाली, हे मला जाहीरपणे नोंदवायचे आहे.

त्यामुळे बूटलोडर अनलॉक करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे, की रूट (प्रणालीवरचा पूर्ण अधिकार) मिळताच किंवा तशी सोय असलेल्या रिकव्हरीतून हे चार विभाग ‘डीडी’ या प्रत काढणाऱ्या आज्ञेने उतरवून फोनच्या बाहेर दोन ठिकाणी ठेवावेत. फोन दुकानात देत असाल, तर लिहिण्याआधी वाचून ठेवणार का, हा प्रश्न दर विचारण्याच्या आधी विचारावा.

सीमाभागातील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट आहे. माझे सिम कर्नाटक सर्कलचे आहे आणि कामानिमित्त वेंगुर्ले रस्त्याने शिनोळीकडे जाणे होते. तेथे फोन महाराष्ट्राच्या टॉवरवर गेला की माझ्याकडे डेटा बंद पडत असे. कंपनीच्या प्रणालीत देशांतर्गत रोमिंगची वेगळी सोय होती. लिनिएजमध्ये रोमिंग डेटाचे एकच बटण आहे आणि ते सुरू करून ठेवावे लागते. आता दोन्हीकडे डेटा अखंड चालतो.

बँकेच्या ॲपचे अजून पक्के नाही. अनलॉक केलेला बूटलोडर गूगलच्या प्ले इंटिग्रिटी या सुरक्षा-तपासणीत अडतो, त्यामुळे माझ्या दोन बँकांपैकी एकीचे ॲप उघडत नाही. तिचे व्यवहार मी संगणकावरून करतो. यूपीआय दुसऱ्या बँकेच्या खात्यावर चालते. तेही बंद पडले, तर हा फोन बोलण्यापुरता ठेवून दुसरा घ्यावा लागेल. तोपर्यंत पाचपैकी चार गुण, आणि कमी केलेला एक कॅमेऱ्यासाठी.