अ‍ॅकॉर्डियन घेतलंय, आता क्लेझ्मर की टँगो?

नाशकात पेटीवर हात बसलेली माणसं कमी नाहीत. त्यांतल्या कुणी अ‍ॅकॉर्डियन गळ्यात अडकवलं, की उजवा हात लवकर रुळतो. अडतो तो डावा. पेटीत त्याच्याकडे फक्त भाता असतो. इथे भाता ओढता-ढकलता, न बघता, बेसची आणि कॉर्डची बटणंही दाबायची असतात. म्हणून चार-पाच जणांचा ग्रुप जमवताना क्लेझ्मर घ्यावं की टँगो, हे आधी डाव्या हाताला विचारा.

क्लेझ्मर हे पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंचं लग्नातलं संगीत. (आपल्याकडच्या बेने इस्राएली ज्यूंचं नव्हे, त्यांच्याकडे मराठी कीर्तनं.) त्यातली फ्रेगिश ही स्वरावली ऐकली की वसंतमुखारी आठवतो: रे, ध, नी कोमल आणि ग शुद्ध. डी हा सा धरला, तर बऱ्याच चाली डी मेजर, जी मायनर आणि सी मायनर एवढ्यावर निभतात. डावीकडची बटणं पंचमाच्या क्रमाने लावलेली असल्यामुळे सी, जी, डी शेजारी-शेजारीच येतात. बोटांची धावपळ होत नाही. चाली कानाने उचलता येतात. अवघड आहे ते क्रेख्त्स, म्हणजे हुंदक्यासारखा मध्येच तुटणारा सूर. तो भात्यापेक्षा क्लॅरिनेटवर सहज निघतो, त्यामुळे लग्नाच्या बँडमधला एखादा क्लॅरिनेटवाला गाठा. बुल्गार या नाचाची लय ३-३-२ अशी आठात बसते, ढोलकीवाल्याला ती पटकन कळेल. नाशिक ढोल मात्र नको, अ‍ॅकॉर्डियन ऐकूच येणार नाही.

टँगो हे अर्जेंटिनातलं नाचाचं संगीत. त्यात अ‍ॅकॉर्डियन मुळात पाहुणं. तिथलं खरं वाद्य बँडोनियन, अ‍ॅकॉर्डियनसारखंच भात्याचं, पण दोन्हीकडे बटणं असलेलं. जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या हाइनरिख बँडचं नाव त्याला मिळालं आणि ते नावारूपाला आलं ब्युनोस आयर्समध्ये. त्याच्या जवळ जायचं तर थरथरणारे जोडसूर बंद ठेवून खर्जाचा आणि मधला असे सुरपट्ट्यांचे दोनच संच स्विचने लावायचे. डावीकडच्या तयार कॉर्ड इथे जाड वाटतात. ते काम पियानो आणि डबल बेस करतात. मग डावा हात सुटला म्हणावं, तर तसंही नाही. पारंपरिक टँगो वाद्यवृंदात तालवाद्य नसतं, ठोका भात्यातूनच काढावा लागतो. सगळ्यांनी एकाच क्षणी आघात द्यायचा, थांबायचं, पुन्हा निघायचं. त्यामुळे स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्य स्वरलिपी, वाचता येणं जवळपास सक्तीचं. नाचणारे मिळाले नाहीत तरी अडत नाही. अर्जेंटिनाचा संगीतकार आस्तोर पियाझोला (१९२१–१९९२) याची टँगोवरची रचना बसून ऐकायचीच असते.

व्हायोलिन आणि पियानोवाले, दोघंही नोटेशन वाचणारे, हाताशी असतील तर टँगो घ्या. नाहीतर माझं मत सरळ क्लेझ्मरला: चुका खपतात, आणि पहिला कार्यक्रम लवकर उभा राहतो.

वाद्य घेताना एवढं बघा. क्लेझ्मरला ७२ बेसचं, म्हणजे डावीकडे ७२ बटणं असलेलं, पुरतं. १२० बेसचं साधारण दहा-बारा किलोंचं असतं, तालमीला दुचाकीवरून नेणं जिवावर येतं. टँगोसाठी बेसच्या आकड्यापेक्षा खर्जाच्या सुरांचा स्विच आहे का ते तपासा. अनेक लहान वाद्यांत तो नसतो. आणि दुरुस्तीला पेटीवाल्याकडे टाकण्याआधी विचारून घ्या, मेणाने बसवलेल्या सुरपट्ट्यांचं काम त्यांनी केलंय का.