जर्मनीतलं विद्यार्थी बँक खातं: बडोद्याहून पैसे पाठवण्यापासून हिवाळी सत्र संपेपर्यंतचा अनुभव

येत्या सत्रात ज्यांचं मूल जर्मनीला निघालंय त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. तिथे विद्यार्थ्याला दोन खाती लागतात. एक व्हिसासाठीचं श्पेरकोंटो, म्हणजे ज्यातले पैसे अडवून ठेवलेले असतात आणि दरमहा ठरावीक रक्कमच सुटते. दुसरं रोजच्या व्यवहाराचं गिरोकोंटो. पहिलं घरबसल्या, पासपोर्ट आणि प्रवेशपत्राच्या स्कॅनवर उघडतं. दुसरं तिथे गेल्यावर उघडतं आणि खरा कस त्यातच लागतो. पुढचे महिने दोन्ही व्यवस्थित चालतात. जे अडतं ते बहुतेक नावामुळे किंवा पत्त्यामुळे, आणि त्यातलं बरंचसं बडोदं सोडण्याआधीच निस्तरता येतं.

आधी पैसे पाठवण्याचं. सप्टेंबर २०२४ पासून श्पेरकोंटोत वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ सुटतात. रक्कम एका युरोनेही कमी पोचली तर व्हिसासाठीचा दाखला निघत नाही. ती कमी पोचते याचं कारण मधली बँक. स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून, पैसे जाताना वाटेत एखादी बँक आपलं शुल्क कापते. म्हणून अर्जावर शुल्काच्या रकान्यात 'अवर' (OUR) हाच पर्याय घ्या, म्हणजे वाटेतला खर्च पाठवणाऱ्याकडून घेतला जातो. तरीही वर पन्नास-शंभर युरो जास्त पाठवलेले बरे, ते वाया जात नाहीत, पुढे खात्यात मिळतात. खातं देणाऱ्या कंपनीने दिलेला संदर्भ क्रमांक संदेशाच्या रकान्यात जसाच्या तसा गेला पाहिजे. पैसे गेल्यावर बँकेकडून स्विफ्ट संदेशाची प्रत मागून घ्या. रक्कम वाटेत अडकली तर शोध त्याच कागदावर लागतो, नुसत्या पासबुकातल्या नोंदीवर नाही.

दांडिया बाजारातल्या नेहमीच्या शाखेत अर्ज दिला तरी तो परकीय चलनाचं काम पाहणाऱ्या शाखेकडे जातो, त्यात दोन-तीन दिवस जातात. ए-२ अर्जावर, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या अर्जावर, कारणाचा कोड 'शिक्षणासाठी प्रवास' हाच पडतोय ना, ते सही करण्याआधी पाहा. यावर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर, ठरतो. एप्रिल २०२५ पासून एका पॅनवर, एका आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएस नाही. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर श्पेरकोंटोची एकटी रक्कमच बारा लाखांकडे जाते, म्हणजे मर्यादा ओलांडली जाते. शिक्षणासाठीचा दर कमी आहे, पण कोड चुकून दुसऱ्याच कारणाचा पडला तर वरच्या रकमेवर २० टक्के कापले जातात. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशांवर टीसीएस लागतच नाही. कापलेली रक्कम विवरणपत्रात वळती करता येते. म्हणून जो नियमित विवरणपत्र भरतो त्याच्याच पॅनवरून पैसे पाठवावेत. विद्यार्थ्याच्या पॅनवरून पाठवले तर परतावा मिळवण्यासाठी त्याला विवरणपत्र भरावं लागतं.

आता नावाचं. आपल्याकडे, गुजरातेत आणि महाराष्ट्रातही, वडिलांचं नाव मधे लिहितात आणि पासपोर्टवर ते 'गिव्हन नेम'च्या रकान्यात मुलाच्या नावाला जोडून येतं. जर्मन बँक ते सगळं मिळून मुलाचं पहिलं नाव धरते. अर्ज भरताना घरी बोलावतो तसं छोटं नाव लिहिलं की ओळख पटवण्याच्या पायरीवर अर्ज परत येतो. कोणतं नाव धरायचं हे पासपोर्टच्या तळाच्या छापील ओळीवरून ठरवावं: देशाच्या कोडनंतर दुहेरी कोनखुणांपर्यंत आडनाव आणि त्यापुढे बाकी सगळं. प्रवेशपत्र, श्पेरकोंटो, विमा, भाडेकरार, गिरोकोंटो या सगळ्यांत त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने. गायकवाड, जाधव ही आडनावं बडोद्यात इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. शाळेच्या दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरं असेल तर पासपोर्टचंच चालवा. ऑक्टोबर २०२५ पासून युरो चालणाऱ्या देशांत पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव आणि खाते क्रमांक ताडून पाहिले जातात. नाव थोडं वेगळं असलं की पाठवणाऱ्याला इशारा दिसतो, आणि पगार किंवा डिपॉझिट परत करणारा माणूस तिथेच थांबतो.

तिथे पोचल्यावर पहिलं काम पत्त्याची नोंदणी, म्हणजे अनमेल्डुंग. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती करायची असते आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला वास्तव्याचा दाखला लागतो. इथे एक कोंडी होते: घरमालक भाड्यासाठी खाते क्रमांक मागतो, बँक नोंदणीचा दाखला मागते, आणि श्पेरकोंटो म्हणतं की गिरोकोंटोचा क्रमांक दिल्याशिवाय ९९२ सुटणार नाहीत. कोंडी फोडायची ती नोंदणीच्या बाजूने. नगर कार्यालयाची वेळ भारतातूनच ऑनलाइन घेऊन ठेवावी, मोठ्या शहरांत ती आठवडेच्या आठवडे मिळत नाही. विद्यार्थी वसतिगृहात घरमालकाचा दाखला सहज मिळतो. पर्यटकांना काही दिवसांसाठी दिल्या जाणाऱ्या खोल्यांत बहुधा मिळत नाही, म्हणून स्वस्त पडली तरी पहिल्या महिन्याला तशी खोली घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

टपालपेटीवर नाव लावणं हे इतकं साधं काम, आणि सगळ्यात जास्त खोळंबा त्यानेच होतो. जर्मनीत पोस्टमन पेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो. इमारतीत फ्लॅटला क्रमांक नसतो, नाव नसेल तर पत्र परत. आणि बँक सगळं टपालानेच पाठवते: कार्ड एका पाकिटात, पिन वेगळ्या दिवशी दुसऱ्या पाकिटात, मोबाइल बँकिंग सुरू करायचा कोड तिसऱ्यात. अकरा अंकी कर क्रमांकही नोंदणीनंतर पत्रानेच येतो. एक पाकीट परत गेलं तरी पुन्हा मागणी, पुन्हा वाट. खोली दुसऱ्याच्या नावावर असेल तर पेटीवर त्याच्या नावाखाली आपलं पासपोर्टवरचं आडनाव चिकटवायचं, किल्ली मिळाली त्याच दिवशी.

बँक कोणती? शाखेच्या बँका विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या दाखल्यावर बहुतेक वेळा बिनशुल्क खातं देतात. नुसत्या ॲपवरच्या बँका स्वस्त आणि झटपट, पण ओळख पटवण्याची पायरी तिथे अडते. पुष्कळ बँकांच्या व्हिडिओ पडताळणीत भारतीय पासपोर्ट चालत नाही. मग बँकेने दिलेला कागद, पासपोर्ट आणि नोंदणीचा दाखला घेऊन पोस्टाच्या शाखेत जावं लागतं. तिथला कारकून नाव पासपोर्टप्रमाणे टंकतो, म्हणून अर्जही तसाच हवा. नव्याने गेलेल्या मुलासाठी शाखेची बँक मला जास्त योग्य वाटते. पहिल्या दोन महिन्यांत समोर बसून विचारायला माणूस असणं फार उपयोगी पडतं. कुठे नकार मिळालाच तर २०१६ पासून कायद्याने मूलभूत खात्याचा हक्क आहे. त्याचा ठरावीक अर्ज भरून दिला की बँकेला दहा कामकाजाच्या दिवसांत खातं देऊ करावं लागतं. अशा खात्याला शुल्क असतं, पण अडलेलं काम सुटतं.

बेल्जियमचा किंवा लिथुआनियाचा आयबीएएन, म्हणजे युरोपातला आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, देणारं ॲपखातं पहिले काही आठवडे कामाला येतं. युरोपीय नियमाप्रमाणे फक्त परदेशी आयबीएएन म्हणून कुणी नकार देऊ शकत नाही. प्रत्यक्षात काही घरमालक आणि विमा कंपन्यांचे अर्ज 'डीई'ने सुरू होणारा २२ अक्षरांचा क्रमांकच घेतात. वाद घालण्यापेक्षा जर्मन खातं लवकर उघडावं.

पहिले ९९२ हातात येईपर्यंतचा खर्च वेगळा धरा. घराचं डिपॉझिट कायद्याने मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकतं. फॉरेक्स कार्डावर दोन महिन्यांचा खर्च आणि डिपॉझिट असावं. भारतातून रोख परकीय नोटा ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच नेता येतात.

रोजच्या वापरात सगळ्यात जपून राहायचं ते लास्टश्रिफ्टला, म्हणजे समोरच्याने आपल्या खात्यातून थेट रक्कम ओढण्याला. विमा, फोन, प्रवासाचा पास सगळं असंच जातं. खात्यात शिल्लक कमी पडली की ओढ परत जाते, समोरचा दंड लावतो आणि वारंवार झालं तर कराराला बाधा येते. भाडं महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत द्यायचं असतं आणि श्पेरकोंटोची रक्कम त्याच सुमारास येते, म्हणून एका महिन्याचं भाडं खात्यात कायम पडून असू द्यावं. न ओळखीची ओढ दिसली तर घाबरू नये. संमती दिलेली ओढही आठ आठवड्यांच्या आत परत फिरवता येते, संमती नसलेली तेरा महिन्यांपर्यंत. नोंदणीनंतर नभोवाणी शुल्काचं पत्र येतं, महिना १८.३६ युरो. इथे घरच्यांना ते फसवणूक वाटतं, पण ते खरं असतं आणि एका घराला एकदाच लागतं. चार जण राहत असतील तर एकाने भरून वाटून घ्यावं.

ऑक्टोबर २०२५ पासून तात्काळ हस्तांतरण नेहमीच्या दरातच मिळतं, ही सोय खरोखर छान आहे. फोन बदलणं मात्र त्रासाचं. प्रत्येक व्यवहाराला मंजुरी देणारं ॲप एका फोनशी बांधलेलं असतं, आणि जुना फोन हातात नसेल तर नवा कोड बहुधा टपालाने येतो. भारतीय प्ले स्टोअरमध्ये काही जर्मन बँकांची ॲप दिसत नाहीत, स्टोअरचा देश बदलावा लागतो आणि तो वर्षातून एकदाच बदलता येतो.

मागे बडोद्यातल्या खात्याचंही पाहावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या २००३ च्या परिपत्रकाप्रमाणे परदेशी शिकायला गेलेला विद्यार्थी अनिवासी ठरतो, त्यामुळे त्याचं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचं रुपयांतलं खातं, करून घ्यायला हवं. जाण्याआधी शाखेत चौकशी केली तर पुढे केवायसी अडत नाही. भारतीय सिमवर रोमिंग सुरू ठेवा, ओटीपी त्यावरच येतात. वर्ष संपताना व्हिसा वाढवायला पुन्हा खर्चाची सोय दाखवावी लागते, त्या वेळी गिरोकोंटोचे मासिक उतारे कामी येतात. ते दरमहा उतरवून ठेवा. शिक्षण संपवून परतताना खातं लगेच बंद करू नये. डिपॉझिट, विम्याचा आणि कराचा परतावा नंतरच्या महिन्यांत त्याच क्रमांकावर येतो.