बीर-बिलिंगचं टँडम पॅराग्लायडिंग: पैसे वसूल, पण वेळ साधली तरच

हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यातल्या या जागेवर २०१५ मध्ये पॅराग्लायडिंगचा वर्ल्ड कप झाला. टँडम म्हणजे पायलटसोबत, एकाच छत्रीखाली. उड्डाण बिलिंगहून, साधारण २,४०० मीटरवरून. उतरायचं हजारेक मीटर खाली, बीरच्या मैदानात. मधला १४ किलोमीटरचा घाटरस्ता जीपने. ज्यांना गाडी लागते त्यांनी न्याहारी हलकीच ठेवावी, कारण हवेत गिरक्या घेतानाही तेच पोट डचमळतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत भरवशाचे. पावसाळ्यात, १५ जुलै ते १५ सप्टेंबर, उड्डाणं बंद असतात. तेव्हा कोणी ‘करून देतो’ म्हणाला तर सरळ नकार द्या. सकाळी हवा शांत, म्हणून झोत सौम्य. दुपारी ऊन तापलं की थर्मल, म्हणजे तापून वर चढणारे हवेचे झोत, जोर धरतात, उंची मिळते पण हेलकावेही वाढतात. पहिलटकरांनी सकाळचीच वेळ मागावी.

बुकिंगआधी पायलटचा परवाना बघा, वजनमर्यादा विचारा, व्हिडिओचे पैसे वेगळे का तेही. बांधून घेताना मांड्यांचे दोन्ही पट्टे आणि छातीचं बकल स्वतः ओढून पाहा. घोळ बहुतेक वेळा धावण्यात होतो: पाय जमिनीवरून सुटायच्या आतच लोक बसकण मारतात आणि छत्री कलते. पायलट सांगेपर्यंत धावत राहायचं, बस्स. उतरताना पाय वर.

वारा फिरला तर तासन्‌तास ताटकळावं लागतं. त्याच दिवशी परतीची बस धरू नका. रिकामा वेळ तिबेटी कॉलनीत मोमो-थुक्पा खाण्यात छान जातो.