‘महाभियोग’ की ‘दोषारोप ठेवणे’?

परदेशी बातम्या मराठीत आणणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधीतरी अडवतोच. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने अध्यक्षांना ‘इम्पीच’ केलं, म्हणजे त्यांच्यावर गैरवर्तनाचे आरोप ठेवण्यासाठी मतदान केलं. आता मराठीत त्यासाठी क्रियापद कोणतं वापरायचं? मी पहिली काही वर्षं विचार न करता ‘महाभियोग’ लिहीत असे. आता शक्यतो ‘दोषारोप ठेवला’ लिहितो.

‘महाभियोग’ टाकाऊ आहे, असं मला मुळीच म्हणायचं नाही. तो संविधानातला शब्द आहे, वाचकाच्या ओळखीचा आहे आणि मथळ्यात नेमका बसतो. आपल्या राष्ट्रपतींसंबंधी लिहायचं असेल तर दुसरा शब्द शोधूच नये. पण अनुच्छेद ६१ मध्ये काय काय येतं ते पाहा. एक सभागृह आरोप ठेवतं. त्यासाठी एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या, १४ दिवसांची नोटीस आणि एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं लागतात. मग दुसरं सभागृह चौकशी करतं, आणि आरोप शाबीत झाल्याचा ठराव तिथेही तेवढ्याच बहुमताने झाला तर पद जातं. म्हणजे आपल्याकडे आरोपापासून निकालापर्यंतची सगळी वाट ‘महाभियोग’ या एका शब्दात मावते. अमेरिकेत प्रतिनिधिगृह करतं ती फक्त पहिली पायरी. खटला सिनेटमध्ये चालतो.

माझं मत फिरलं ते इथेच. डिसेंबर २०१९ मध्ये ‘ट्रम्प यांच्यावर महाभियोग मंजूर’ असं मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचा फोन आला, “अरे, मग आता नवा अध्यक्ष कोण?” आत्या रोज दोन वर्तमानपत्रं वाचते. शेजारच्या काकांनीही तेच विचारलं. चूक त्यांची नव्हती. ‘महाभियोग मंजूर’ या शब्दांतून माणूस गेला असाच अर्थ मराठी कानाला लागतो. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन, १९९८ मध्ये क्लिंटन, २०१९ आणि पुन्हा २०२१ मध्ये ट्रम्प, या तिघांवर प्रतिनिधिगृहाने आरोप ठेवले आणि सिनेटमध्ये तिघेही सुटले. जॉन्सन तर एका मताने वाचले. ज्या शब्दामुळे हे तिघे पदावरून गेले असं वाटतं, तो त्या पायरीसाठी वापरायला माझा हात आता धजत नाही.

दुसरी अडचण क्रियापदाची. महाभियोग चालवतात, आणतात, दाखल करतात की लावतात? प्रत्येक बातमीत वेगळं दिसतं, आणि ‘लावला’ हे तर सरळ हिंदीतून आलेलं वाटतं. ‘दोषारोप’ला मात्र ‘ठेवणे’ आपसूक जोडलं जातं. या ‘ठेवणे’त मराठीची मोठी सोय आहे. आरोप ‘करणारा’ कुणीही असू शकतो, पत्रकार परिषद घेतली की झालं. आरोप ‘ठेवतो’ तो अधिकार असलेला. कोर्ट आरोप ठेवतं, खातं आरोप ठेवतं. एका क्रियापदाने औपचारिकपणा येतो आणि निकाल बाकी आहे हेही कळतं.

‘ठपका ठेवणे’ जवळचं वाटतं, पण ते चौकशीनंतरचं आहे. ‘ताशेरे ओढणे’ बहुतेक न्यायालयाच्या शेऱ्यांसाठी. ‘अविश्वास ठराव’ अगदीच वेगळा, त्यात गैरवर्तन सिद्ध करण्याचा प्रश्नच येत नाही. न्यायाधीशांच्या बाबतीत तर अनुच्छेद १२४ मध्ये महाभियोग हा शब्दच नाही. तिथे ‘पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव’ हेच मला बरोबर वाटतं, कितीही लांब झालं तरी.

‘दोषारोप’मध्येही एक बोच आहे, ती लपवत नाही. माझे वडील सरकारी नोकरीत होते. विभागीय चौकशीत त्यांच्या हातात दोषारोपपत्र पडलं, तेव्हा गल्लीत लोकांना त्यातला ‘दोष’ तेवढा ऐकू आला, ‘आरोप’ नाही. दोन वर्षांनी ते निर्दोष ठरले, पण ती दोन वर्षं आई कुणाच्या हळदीकुंकवालाही गेली नाही. म्हणून वाक्यात जागा असेल तर मी नुसतं ‘आरोप ठेवले’ लिहितो आणि खटला कुठे चालणार ते त्याच वाक्यात सांगतो.

दक्षिण कोरियाच्या वेळी हेच कामी आलं. १४ डिसेंबर २०२४ रोजी तिथल्या संसदेने अध्यक्ष यून यांच्याविरुद्ध मतदान केलं. मी लिहिलं, ‘संसदेने आरोप ठेवले, अध्यक्षांचे अधिकार स्थगित; निर्णय घटनापीठाकडे’. हा ‘घटनापीठ’ शब्द चुकलाच, तिथे स्वतंत्र घटना न्यायालय आहे, आणि दुसऱ्या दिवशी मी तो दुरुस्त केला. पण यून गेले का, असं त्या दिवशी कुणीही विचारलं नाही. ४ एप्रिल २०२५ ला न्यायालयाने त्यांना पदावरून दूर केलं, तेव्हा ‘पदच्युत’ हा शब्द माझ्याकडे शिल्लक होता.