पैशाची अडचण असताना: दाढ काढायची की रूट कॅनाल करून (आतली खराब नस काढून) वाचवायची?

दाढ काढणं स्वस्त, एका खेपेत मोकळं, म्हणून पैशाची ओढाताण असली की माणूस तेच करतो, मीही केलं. पण मग शेजारचे दात फटीकडे कलतात, खालची काढली असेल तर वरची हळूहळू खाली उतरते, हाड झिजतं, आणि पुढे इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर नकली दात) म्हणजे रूट कॅनालपेक्षा जास्तच खर्च. माझी जीभ अजून सारखी त्या खड्ड्यात जाते. रूट कॅनालला खेपा जास्त, वर कॅपचे (दाढेवर बसवायच्या टोपीचे) पैसे वेगळे, पण स्वतःची दाढ राहते. अक्कलदाढ असेल तर खुशाल काढा. फक्त दुखणं आपोआप थांबलं म्हणून गप्प बसू नका हो, बऱ्याचदा नस मेलेली असते आणि इन्फेक्शन आत चालूच. डेंटल कॉलेजात बरंच स्वस्तात होतं, आधी तिथे विचारा.