स्टिअरिंगचा जाम नट : ब्रेकर बार आणि पुलर आठ महिने वापरल्यानंतर

माझी २००४ सालची मारुती ८०० सोलापुरात येण्यापूर्वी बरीच वर्षे रत्नागिरीला मेहुण्यांकडे होती. आपल्याकडच्या कोरड्या हवेत सहसा न धरणारा गंज तिने तिकडूनच आणला. पुढच्या काचेचे रबर गळत असल्याने तो स्टिअरिंगच्या मधल्या नटापर्यंत पोहोचला होता, हे हॉर्नचे झाकण काढल्यावर कळले. इंडिकेटरचा स्विच बदलायचा तर स्टिअरिंग उतरवणे भाग होते. त्यातच पूर्वी कोणीतरी बारा कोनी गोटी (सॉकेट) लावून नटाचे कोपरे घासून ठेवले होते.

म्हणून मी ६० सेंटिमीटरचा ब्रेकर बार (जाम नट सोडवण्याचा लांब दांडा), सहा कोनी गोटी आणि दोन बोल्टांचा साधा पुलर (घट्ट बसलेले स्टिअरिंग ओढून काढणारे अवजार) विकत घेतला. यांपैकी बारबद्दल माझी काहीच तक्रार नाही. २५ सेंटिमीटरच्या दांड्यावर २० किलोंचा जोर दिला तर नटावर जेमतेम ५० न्यूटन-मीटर पीळ पडतो, तोच ६० सेंटिमीटरच्या दांड्यावर सुमारे १२० पडतो. शिवाय सहा कोनी गोटी कोपऱ्यांऐवजी नटाच्या सपाट बाजूंवर दाबते, त्यामुळे झिजलेला नटही निसटत नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, नटावर गंज सोडवणारे तेल मारून मी गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी चाके सरळ करून मुलाला स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायला सांगितले. स्टिअरिंग लॉकच्या भरवशावर जोर लावू नये, कारण लॉकची खीळ तेवढा पीळ सोसण्यासाठी केलेली नसते. तिसऱ्या झटक्याला कट्ट असा आवाज आला आणि क्षणभर आम्हा दोघांनाही काहीतरी मोडले असेच वाटले. सुटला होता तो नटच.

नट सुटला तरी स्टिअरिंग सुटत नाही, कारण ते शाफ्टच्या, म्हणजे मधल्या फिरत्या दांड्याच्या, दात्यांवर वेगळेच घट्ट बसलेले असते, आणि पुलर लागतो तो तेथे. त्यापूर्वी शाफ्ट आणि स्टिअरिंग या दोन्हींवर खुणेची एक रेघ ओढावी, म्हणजे परत बसवताना ते तिरके बसत नाही. नट पूर्ण न काढता दोन-तीन आट्यांवर राहू द्यावा, अन्यथा अचानक सुटलेले स्टिअरिंग थेट तोंडावर येते. शाफ्टवर हातोडी मारण्याचा सल्ला मला शेजारी दोघांनी दिला. मी तो मानला नाही, कारण तो मार कॉलमच्या बेअरिंगला लागतो.

पुलरबाबत मात्र मी पूर्ण समाधानी नाही. डिसेंबरमध्ये चुलतभावाच्या ओम्नीला तो लावला तेव्हा त्याचे दोन्ही बोल्ट वाकले. मी त्यांच्या जागी अधिक मजबूत, ८.८ दर्जाचे बोल्ट घातले आणि मधल्या स्क्रूला ग्रीस लावले. त्यानंतर काम सुरळीत झाले. उन्हाळ्यात बार गाडीतच ठेवण्याची चूकही मी केली होती. दुपारच्या उन्हात तो इतका तापला, की जुन्या सोलापुरी चादरीच्या तुकड्यात गुंडाळून उचलावा लागला.

गेल्या महिन्यात जुळे सोलापुरातील एक स्नेही एअरबॅग असलेल्या गाडीचे स्टिअरिंग काढायला हीच अवजारे मागण्यासाठी आले होते. एअरबॅग चुकून फुटण्याचा धोका असतो, म्हणून त्यांना मी चहा दिला, अवजारे दिली नाहीत.