पेट्रोलची टाकी: नुसती साफ करायची की आतून कोटिंगही मारायचं?

बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत तांबूस थर दिसला की लगेच सल्ला मिळतो, "कोटिंग मारून टाक, कटकट मिटेल." मला हे पटत नाही. गंजलेली प्रत्येक टाकी साफ करावीच लागते, कोटिंगची गरज मात्र थोड्याच टाक्यांना असते. शिवाय गंजाखाली पत्रा किती उरलाय हे साफ केल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे आधीच ठरवण्यात अर्थ नाही. टाकी प्लॅस्टिकची असेल तर प्रश्नच मिटला: धुवा, वाळवा, बसवा.

कामाला लागण्याआधी एक लक्षात ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण 1.4 ते 7.6 टक्के असली की एक ठिणगी पुरते, आणि ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशीच रेंगाळते. काम उघड्यावर करा.

गंज काढायला काही जण टाकीत साखळी किंवा नट घालून ती हलवतात. सुटे पापुद्रे त्याने झटपट निघतात, पण कोपरे तसेच राहतात आणि पातळ झालेला पत्रा फुटू शकतो. व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिडचं द्रावण हळू काम करतं, पण सगळीकडे पोचतं. यात गॅस तयार होतो, म्हणून झाकण घट्ट लावू नका. इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे टाकीत धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून त्यातून वीज सोडून गंज काढणं, चांगल्या पत्र्याला जवळजवळ धक्का लावत नाही. त्यात टाकी ऋण टोकालाच जोडायची आणि दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील कधीच वापरायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीला ही सोड्याची पद्धत चालत नाही. साधा गंज असेल तर मी सायट्रिक अ‍ॅसिडच निवडेन.

अ‍ॅसिड ओतून दिल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने टाकी विसळून लगेच वाळवा. उघडा पडलेला ओला पत्रा बघता बघता पुन्हा तांबूस होतो.

आता टॉर्च आत धरा आणि सर्वांत खालचा भाग बघा. मोटरसायकलच्या टाकीत हे दोन्ही बाजूंचे खोलगट कप्पे असतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तिथेच साचतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा ओढून घेतं आणि मर्यादा ओलांडली की ते पाणी वेगळं होऊन त्याच जागी बसतं. खालच्या सांध्यावरचा रंग खरवडून बाहेरून खडू फासा आणि आत रॉकेल भरून रात्रभर ठेवा. कुठे छिद्र असेल तर खडूवर ओला डाग उमटतो.

डाग नाही आणि पत्राही गुळगुळीत असेल, तर कोटिंग नको. आतून पातळ तेल फिरवा, पारदर्शक फिल्टर लावा आणि गाडी उभी राहणार असेल तेव्हा टाकी भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. अधूनमधून बघत राहावं लागेल, पण बिघडलं तर पुन्हा साफ करता येतं.

पत्र्यावर खोल खड्डे असतील किंवा सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतील, तर दोन भागांचं इपॉक्सी कोटिंग खरंच कामाचं आहे. पण त्याला तेलाचा अंशही चालत नाही, म्हणून वरचा तेलाचा सल्ला इथे लागू नाही. कॉकचं (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीचं) भोक ग्रीस लावलेल्या बोल्टने बंद करा, टाकी सगळ्या बाजूंनी फिरवा, जास्तीचं कोटिंग ओतून टाका आणि डब्यावर लिहिलेली मुदत पूर्ण झाल्याशिवाय पेट्रोल भरू नका. माझा आक्षेप घाईच्या कामाला आहे. ओलसर किंवा तेलकट पत्र्यावर मारलेलं कोटिंग पुढे पापुद्र्यांनी सुटतं, कॉक तुंबवतं, आणि ते काढायला लागणारी जहाल रसायनं गंजापेक्षा कितीतरी त्रासदायक असतात. जुन्या प्रकारची काही कोटिंगं तर इथेनॉलने विरघळतात, म्हणून इथेनॉल चालतं असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या.

सांधाच उसवला असेल तर कोटिंग तो धरून ठेवत नाही. तिथे ब्रेझिंग (पितळ वितळवून सांधा जोडणं) तरी करायचं किंवा टाकी बदलायची. ब्रेझिंग करणाऱ्याला आत पेट्रोल होतं हे आधी सांगा, आणि अशा टाक्यांच्या कामात मुरलेल्या माणसाकडेच ती द्या.